हनुवटी कुणाच्या बाजूची?

गावोगावच्या मारुतीला ‘हनुमान’ हे नाव मिळालं ते मोडक्या जबड्यामुळे! सूर्याकडे झेपावलेल्या बाळावर इंद्रानं वज्र हाणलं, बाळ डोंगरमाथ्यावर आदळलं आणि त्याची डावी हनू मोडली, असं वाल्मीकी रामायण सांगतं. हनू म्हणजे जबडा.

मुलं हनुवटीवर आपटली की आजही डॉक्टर आधी कानापुढचा सांधा चाचपतात. मार बसतो हनुवटीला, पण हादरा पोचतो तिथं. त्या दुखापतीतून कधी हाड हाडाला चिकटतं, तोंड उघडेनासं होतं आणि त्या बाजूचा जबडा आखूड राहतो. आता गंमत बघा. हनुवटी सरकते आजारी बाजूला, त्यामुळे तिथला गाल छान गुबगुबीत दिसतो. धडधाकट बाजू मात्र चपटी, ओढल्यासारखी. घरचे बोट दाखवणार चपट्या गालाकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी!

याच्या उलटही घडतं. वाढीचं वय संपलं तरी एका बाजूचं हाड वाढतच राहतं आणि हनुवटीला पलीकडे ढकलतं. म्हणजे हनुवटी उजवीकडे कलली, तर गुन्हेगार उजवा की डावा? नुसत्या नजरेनं सांगणं अवघडच. हाडाची वाढ अजून चालू आहे का, हे बघायला खास स्कॅन करतात.

खालचा जबडा एकच, सांधे दोन. बैलजोडीच म्हणा ना! एक बैल अडला की गाडी त्याच्याच अंगाला वळते. आरशासमोर हळूहळू तोंड उघडून बघा. हनुवटी वाट सोडून गेली आणि ‘कट्ट’ वाजून परत मध्यावर आली, तर सांध्यातली निसटलेली चकती जागेवर बसली असावी. दुखत नसेल, तोंडही नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजाला सहसा औषध लागत नाही. नीट म्हणजे किती? स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये मावायला हवीत.

झोपेत दात खाणाऱ्यांची तर वेगळीच मिळकत. चावण्याचा स्नायू फुगून जबडा चौकोनी दिसतो. एकाच बाजूला फुगला, तर चेहरा एकांगी. तालमीची पायरी न चढता कमावलेलं शरीर!

पण चेहरा काही तासांत वाकडा झाला, तोंडाचा कोपरा लोंबला, तर सांध्याला दोष देत बसू नका. तडक हॉस्पिटल गाठा.

आणि सेल्फीत नाक-हनुवटी तिरकी दिसली म्हणून घाबरू नका. आरशातल्या उलट्या चेहऱ्याची आपल्याला सवय असते, फोटोतला सुलटा चेहरा परका वाटतो. बायको मात्र रोज तोच बघते आणि तिची काही तक्रार नसते. निदान चेहऱ्याबद्दल तरी.