दिव्याभोवतीचे इंद्रधनुष्य

मुकुटबन परिसरात पावसाळ्यातल्या संध्याकाळी सर ओसरून पश्चिमेला ऊन पडले की पूर्वेच्या आभाळात इंद्रधनुष्य उमटते. पावसाच्या थेंबात शिरताना सूर्यकिरण वळतो, आतल्या बाजूवरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. प्रत्येक रंग कमी-अधिक वळत असल्याने पांढऱ्या प्रकाशातले रंग सुटे होतात. तांबडा सुमारे ४२ अंशांवर, तर जांभळा ४० अंशांवर दिसतो. म्हणून तांबडा बाहेर आणि जांभळा आत असतो.

रात्री दिव्याभोवती अशीच रंगीत वलये दिसू लागली, तर मात्र सावध व्हावे. डोळ्यातला दाब एकाएकी वाढला की समोरच्या पारदर्शक पटलाला सूज येते आणि त्यातून जाणारा प्रकाश रंगांत विखुरतो. सोबत डोळा लाल होणे, ठणकणे, अंधुक दिसणे, डोकेदुखी, उलट्या अशी लक्षणे असल्यास तो काचबिंदूचा झटका असू शकतो. अनेकजण पित्त खवळले म्हणून घरीच थांबतात. असे न करता तातडीने नेत्रतज्ज्ञ गाठावा. मोतीबिंदूतही वलये दिसू शकतात, पण तिथे शस्त्रक्रियेने दृष्टी सुधारते; काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.