न पोहोचलेल्या पत्रांचा संसार

१८९० आणि १८९१ या दोन वर्षांत रशियन साम्राज्याच्या अंमलाखालील पोलंडमधून हजारो शेतकरी व शेतमजूर सातासमुद्रांपलीकडे निघाले. ब्राझीलकडे जाणाऱ्यांची लाट तर इतकी मोठी होती की, पोलिश इतिहासात तिला ‘ब्राझीलचा ज्वर’ असेच नाव पडले. गेलेली माणसे ब्राझीलहून आणि अमेरिकेहून घरी पत्रे लिहीत : बायकोला, आईला, भावांना, लग्न ठरलेल्या किंवा ठरू पाहणाऱ्या मुलीला. त्या पत्रांत मजुरीचे आकडे असत, प्रवासाच्या सूचना असत आणि पुष्कळदा पैसे आगाऊ भरून काढलेले जहाजाचे तिकीटही असे. झारच्या टपाल-नियंत्रकांनी यांतील शेकडो पत्रे वॉर्सात फोडली, वाचली आणि अडकवून ठेवली. लोकांचे हे स्थलांतर सरकारला नको होते. इकडे बायको पत्राची वाट पाहत राहिली, तिकडे नवरा उत्तराची. आणि पत्र सरकारी दफ्तरात पडून राहिले.

सुमारे पन्नास वर्षांनी विटोल्ड कुला या पोलिश अर्थेतिहासकाराच्या हाती ही पत्रे लागली. सरंजामी अर्थव्यवस्थेवरील आणि वजनमापांच्या इतिहासावरील त्यांचे ग्रंथ अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहेत. त्या पत्रांपैकी काहींच्या नकला करण्यात आल्या. पुढे १९४४ च्या उठावात वॉर्सा शहर बेचिराख झाले, त्यात मूळ पत्रेही जळाली. नकला तेवढ्या वाचल्या. त्यांचा साडेतीनशेहून अधिक पत्रांचा संग्रह १९७३ साली पोलिश भाषेत आणि १९८६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. या इतिहासातील विपरीतपणा ध्यानात घेण्याजोगा आहे. जी पत्रे ज्याची त्याला पोहोचली, ती वाचली गेली, उशाखाली राहिली आणि बहुतेक नाहीशी झाली. जी पोहोचलीच नाहीत, ती मात्र आज आपण वाचू शकतो.

या पत्रांत प्रेमाची भाषा शोधू गेल्यास वाचकाची प्रथम निराशाच होईल. पत्नीला लिहिताना पती तिला सांगतो, कोणत्या दलालावर विश्वास ठेवू नकोस, सरहद्द कशी ओलांडायची, पिसांच्या रजया विकून टाकू नकोस, बरोबर घेऊन ये. परंतु ज्या मजुराने कारखान्यातील मजुरीतून पैसा-पैसा बाजूस टाकून पत्नीचे तिकीट काढले, त्याने रजईची आठवण करून देणे यात सारे काही आले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आम्ही वर्गात बचतप्रवृत्ती शिकवितो, उत्पन्न व उपभोग यांचे आलेख काढतो. बचत कोणासाठी, हा प्रश्न त्या आलेखात येत नाही.

याच्या अगोदर एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेत झाला होता. शिकागो विद्यापीठातील विल्यम थॉमस आणि पोलंडमधून आलेले फ्लोरियन झ्नानियेत्स्की या दोघांनी १९१८ ते १९२० या काळात पोलिश शेतकऱ्यावरील पाच खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा मोठा भाग म्हणजे पन्नास कुटुंबांच्या पत्रमालिका होत. शिकागोच्या एका गल्लीतून थॉमस चालले असता वरच्या खिडकीतून केराची पिशवी खाली पडली आणि तीतून एक पत्र निघाले, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, पुढे पोलिश वृत्तपत्रात जाहिरात देऊन त्यांनी पत्रे विकत घेतली, ही गोष्ट खरी आहे. दर पत्राला काही सेंट. घराघरांतून पत्रे आली, यावरून गरजेचा अंदाज यावा. (कुटुंबाच्या खासगी व्यवहारांचे विश्लेषण करणारे हे थॉमस स्वतःच्या खासगी आयुष्यातील एका प्रकरणामुळे १९१८ साली विद्यापीठातून बडतर्फ झाले, आणि विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने उरलेले खंड काढण्याचे नाकारले.)

शिकागोतील ही पत्रे मुख्यतः पोलंडहून अमेरिकेत आलेली, तर कुला यांची पत्रे परदेशातून पोलंडकडे निघालेली. एका संग्रहात मागे राहिलेल्यांचा आवाज आहे, दुसऱ्यात गेलेल्यांचा. मात्र ही एकाच संभाषणाची दोन अंगे नव्हेत. संभाषण पुरे झालेले असे घर आपल्याला क्वचितच सापडते.

थॉमस व झ्नानियेत्स्की यांनी या शेतकरी पत्रांच्या मूळ प्रकाराला ‘नमनाचे पत्र’ असे नाव दिले. आरंभी येशूचा जयजयकार, मग आपण देवकृपेने सुखरूप असल्याचे निवेदन, तुम्हीही तसेच असावे ही इच्छा, आणि मग घरातील एकेकाचे नाव घेऊन नमस्कार. कित्येक पत्रांत याव्यतिरिक्त फारसे काही नसतेच. मराठी वाचकास हे परके वाटण्याचे कारण नाही. ‘कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ येथून निघून वडील मंडळींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद अशी पायरीपायरीने उतरणारी पत्रे आपल्या आजोबांनी लिहिली आहेत. त्या नमनात कोणाचे नाव गळले तर घरात रुसवे होत. नावांचा क्रम हा कुटुंबाच्या रचनेचा नकाशाच असतो, हे त्या दोघा समाजशास्त्रज्ञांनी नेमके हेरले.

विवाहाचा प्रश्नही या नमनाच्या चौकटीतच सुटे. पोलिश खेड्यात विवाह हा दोन व्यक्तींचा नव्हे, दोन कुळांचा व्यवहार होता. जमीन किती, हुंडा किती, घराण्याचा लौकिक काय, यांचा विचार आधी. पतिपत्नींत प्रेम असावे अशी अपेक्षा नव्हती, परस्परांविषयी आदर असावा एवढीच होती, असा ग्रंथकारांचा निष्कर्ष आहे. परंतु मुलगा शिकागोत स्वतःची मजुरी कमावू लागला की त्याच्या लग्नाविषयी वडिलांचा शब्द पूर्वीइतका चालेनासा होतो. मुलाच्या हातात जमीन नव्हती, ती मिळावयाची तर वडिलांकडूनच. आता दर शनिवारी हातात पगार येतो. विवाहातील व्यक्तिस्वातंत्र्याचा उगम कादंबऱ्यांत शोधणाऱ्यांनी हा शनिवारचा पगारही विचारात घ्यावा.

अर्थात पत्र म्हणजे साक्षात सत्य नव्हे. हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३९ साली या ग्रंथाची जी परखड चिकित्सा केली, तिचा मुख्य आक्षेप हाच होता की, लेखकांचे सिद्धांत केवळ या पत्रांवरून सिद्ध होत नाहीत. तो मान्य करावा लागतो. पत्र लिहिणारा मनुष्य लपवितो, फुगवून सांगतो. शिवाय अनेकांस लिहिता येत नसे. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यावयाचे आणि तिकडे तिसऱ्याने ते चारचौघांत वाचावयाचे, अशा स्थितीत कोणता तरुण मनातले उघड करील?

छायाचित्राची गोष्ट याहून अवघड. अमेरिकेत गेलेल्या जपानी मजुरांनी १९०८ ते १९२० या काळात छायाचित्रांची देवाणघेवाण करून विवाह केले, आणि हजारो वधू केवळ एका छायाचित्राच्या भरवशावर पॅसिफिक महासागर ओलांडून गेल्या. काही वरांनी दहा वर्षांपूर्वीचे छायाचित्र पाठविले होते, काहींनी उसन्या कोटातले. बंदरावर उतरलेली मुलगी हातातले छायाचित्र आणि समोरचा मनुष्य यांचा मेळ घालू पाहत असे. १९२० साली जपान सरकारने अशा वधूंना अमेरिकेच्या मुख्य भूमीसाठी पारपत्रे देणे बंद केले. संग्रहालयात आज ते छायाचित्र पाहताना कोट उसना आहे हे आपल्याला कसे कळावे? पत्र जवळ असेल तरच. छायाचित्रामागे चार ओळी लिहिलेल्या असतील, तर त्या चार ओळी चित्राहून मोलाच्या.

आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली आले, मनिऑर्डर १८८० साली. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या पिढ्यांचे संसार या दोहोंवर चालले. मनिऑर्डरीच्या फॉर्मला मजकुरासाठी छोटीशी पट्टी असे. पैशाबरोबर तीवर दोन ओळी जात : भाताची बी घेणे, धाकट्यास शाळेत घालणे, गणपतीस येतो. एका गिरणी कामगाराच्या घरच्या अशा पट्ट्या जर वीस वर्षांच्या सलग मिळाल्या, तर मुंबईच्या मजुरीचा किती हिस्सा गावी गेला आणि तेथे त्याचे काय झाले, हे कोणत्याही सरकारी अहवालाहून अधिक स्पष्ट कळेल.

परंतु आपल्या जतनाची दृष्टी दरबारी आहे. पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सरदेसायांच्या संपादनाखाली निघाले, हे महाराष्ट्राचे भूषणच होय. डॉ. आनंदीबाई जोशी आणि गोपाळराव यांचा पत्रव्यवहार आपण वाचतो, कारण आनंदीबाई पहिल्या स्त्री-डॉक्टर झाल्या. ज्या जोडप्याने इतिहासात काहीच केले नाही, फक्त तीस वर्षे संसार केला, त्यांच्या पत्रांची ट्रंक वाडा पाडताना रद्दीवाल्याकडे जाते. आता पत्रे लिहिण्याची चालच राहिली नाही. त्यामुळे ट्रंकेत जे आहे, त्यात यापुढे भर पडणार नाही.

ही पत्रे इतरांनी वाचावीत काय, हा आक्षेप रास्त आहे, आणि तो आपल्या घरातील वृद्ध स्त्रियाच अधिक घेतात. झारच्या नियंत्रकाने फोडलेले पत्र आपण वाचतो तेव्हा आपणही त्याच्याच खांद्यावरून वाकून पाहत असतो. म्हणून लिहिणाऱ्याची किंवा वारसांची संमती हवी, संमतीत काही वर्षांचे बंधन घालता आले पाहिजे आणि नावे बदलण्याची मोकळीक हवी. थॉमस व झ्नानियेत्स्की यांनीही कुटुंबांची खरी नावे छापली नाहीत. महाविद्यालयांच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांना हे काम फार खर्चाशिवाय करता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील पत्रे मागून आणावीत, नक्कल करून मूळ पत्र परत द्यावे. नक्कल करताना नाव व पत्ता झाकावा. टपालाचा शिक्का मात्र झाकू नये, कारण पत्रात तारीख घालण्याचे पुष्कळांच्या लक्षात राहत नसे.