तलाव, तालीम आणि संशय

खेळाडूच्या यशाविषयी संशय घेणे सोपे, पण त्याचा न्यायाने निवाडा करणे मोठे कठीण. १९७६ साली माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या पोहण्याच्या १३ शर्यतींपैकी ११ पूर्व जर्मनीने जिंकल्या. अमेरिकेच्या शर्ली बाबाशॉफने उघड शंका घेतली, तेव्हा हरलेलीचा मत्सर म्हणून तिची हेटाळणी झाली. पुढे जर्मनी एक झाल्यावर सरकारी दप्तरे उघडली आणि त्या मुलींना शासनाच्याच योजनेने संप्रेरके दिली जात, पुष्कळदा त्यांना न सांगता, हे सिद्ध झाले. उलटपक्षी १९७२ साली म्युनिकला १६ वर्षांच्या रिक डीमाँटचे सुवर्णपदक दम्याच्या औषधापायी गेले. ते औषध त्याने आधीच लेखी कळविले होते!

आजचा नियम असा की, शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की जबाबदारी खेळाडूची. ते कसे आले, हे त्यानेच दाखवावयाचे. नियम कठोर खरा. परंतु तो नसता तर 'मला ठाऊक नाही' एवढे म्हणून कोणीही सुटला असता आणि प्रामाणिक खेळाडू नाडला गेला असता.

आपल्या उपनगरातलेच उदाहरण घ्या. जोगेश्वरीचा नरसिंग यादव तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. २०१६ साली रिओसाठी ७४ किलो गटात भारताला जागा एकच, आणि तिचा वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलेला. अशा ताणात त्याच्या तपासणीत मेथँडिनोन सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे. १ ऑगस्टला राष्ट्रीय मंडळाने ते मानले. १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने ते अमान्य करून चार वर्षांची बंदी घातली.

२०२१ च्या जानेवारीत चीनच्या २३ जलतरणपटूंत ट्रायमेटाझिडीन हे हृदयरोगावरील औषध आढळले. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून ते अन्नात आले, हे स्पष्टीकरण जागतिक संस्थेने स्वीकारले. २०२४ च्या जुलैत एका स्विस विधिज्ञाने तो निर्णय वाजवी ठरविला. तरी संशय फिटला नाही. कारण हे प्रकरण एप्रिल २०२४ मध्ये वृत्तपत्रांनी उघड करीपर्यंत लोकांना कळलेच नव्हते.

दोन्ही ठिकाणी सबब अन्नाचीच, निकाल मात्र निराळे. पुरावे वेगळे असल्यास निकालही वेगळे लागतील, यात गैर काही नाही. पण ते पुरावे लोकांपुढे वेळेवर यावयास हवेत. ते झाकून ठेवले, तर दोषी आणि निर्दोष दोघेही सारख्याच कुजबुजीचे धनी होतात, आणि पहाटे तलावावर वा तालमीत घाम गाळणाऱ्या पोराच्या पदकाकडेही लोक त्याच नजरेने पाहू लागतात.