शिवगामीची राहिलेली गोष्ट

"कट्टप्पानं बाहुबलीला कामून मारलं?" हा प्रश्न ऐकला नाही असं पोरगं आपल्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. १० जुलै २०१५ ला पहिला 'बाहुबली' आला आणि हा प्रश्न लोंबकळत ठेवून संपला. उत्तरासाठी २८ एप्रिल २०१७ पर्यंत थांबावं लागलं. तुमच्यातले पुष्कळ जण तेव्हा पाळण्यात होते, काही तर जन्मलेही नव्हते. तरी टीव्हीवर सिनेमा लागला की हातातलं काम टाकून बसताच की नाही?

आमच्या चौथीच्या वर्गात मात्र एका मुलीनं वेगळाच प्रश्न काढला. "बाई, शिवगामी लहान होती तव्हा कशी होती?"

मी म्हटलं, "अगं, ती गोष्ट मालिका म्हणून करायला घेतली होती. पण झालीच नाही."

"कामून?"

आता या 'कामून'चं उत्तर द्यायचं तर बरंच सांगावं लागतं.

शिवगामी कोण, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पाठीत बाण रुतलेला, नदीला पूर, आणि बुडतानाही बाळाला पाण्याच्या वर धरून ठेवणारी ती राजमाता! सिनेमात रम्या कृष्णन यांनी ते काम केलं. पण ही बाई एवढी करारी कशी झाली, ते सिनेमात येत नाही. ते सांगितलं आनंद नीलकंठन या लेखकानं. 'द राइज ऑफ शिवगामी' ही त्यांची इंग्रजी कादंबरी २०१७ साली निघाली. तिच्यात शिवगामी अवघ्या पाच वर्षांची आहे. माहिष्मतीचा राजा तिच्या वडिलांना देशद्रोही ठरवतो आणि देहदंड देतो. ते बघून ती पोर शपथ घेते, की एक दिवस हे राज्य मी बुडवीन.

थांबा, इथं जरा विचार करा. जी माहिष्मती बुडवायला निघाली, तीच पुढे माहिष्मतीची राखणदार होते! हे कसं झालं असेल? मला विचाराल तर कट्टप्पाच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न भारी आहे.

याच कादंबरीवरून मालिका करायचं ठरलं. ऑगस्ट २०१८ मध्ये नेटफ्लिक्सनं तशी घोषणा केली. नाव 'बाहुबली : बिफोर द बिगिनिंग', म्हणजे सुरुवातीच्याही आधीची गोष्ट. पहिल्या खेपेला नऊ भाग होणार होते. सिनेमाचे दिग्दर्शक एस. एस. राजामौली निर्मितीत होते, आणि दिग्दर्शन देवा कट्टा व प्रवीण सत्तारू यांच्याकडं दिलं होतं. तरुण शिवगामी कोण होणार होती, सांगा बरं? आपल्या धुळ्याची मृणाल ठाकूर! 'विटी दांडू' या मराठी सिनेमात दिसलेली तीच. आपले अतुल कुलकर्णीही त्या मालिकेत होते.

शूटिंग हैदराबादकडं झालं. (मोठ्यांसाठी आठवण : १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा हैदराबाद संस्थानातच होता. म्हणजे तसं घरचंच गाव.) सेट उभे राहिले, कपडे शिवले गेले, पुष्कळ भाग चित्रितही झाला. पण तयार झालेलं काम पैसे लावणाऱ्यांच्या मनास येईना. मग ते सगळं बाजूला ठेवून नव्यानं मांडणी केली. दिग्दर्शक बदलले, आणि २०२१ मध्ये शिवगामी म्हणून वामिका गब्बी आली. तेही तडीस गेलं नाही. २०२२ च्या सुरुवातीला बातमी आली की मालिका गुंडाळली. खर्चाचे आकडे वेगवेगळे छापून आले. कुणी ८० कोटी म्हणालं, कुणी १५० कोटी. खरा कोणता ते त्यांचं त्यांना माहीत. आपण एक जोड-वजाबाकीचं गणित चुकलं तर पान फाडून मोकळे होतो. इथं केवढं मोठं पान फाडलं बघा!

बाहुबलीच्या बाकीच्या गोष्टी मात्र निघाल्या. 'द लॉस्ट लेजंड्स' ही कार्टून मालिका २०१७ मध्ये आली, 'क्राउन ऑफ ब्लड' मे २०२४ मध्ये. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दोन्ही सिनेमे एकत्र जोडून 'बाहुबली : द एपिक' थेटरात लागला. राहिली ती शिवगामीचीच गोष्ट. मला याचं वाईट वाटतं. गदा आणि तलवारी पुष्कळ बघून झाल्या. रागावलेल्या एका पोरीचं मन कसं पालटलं, हे बघायला मिळालं असतं.

एवढं सगळं ऐकून ती मुलगी म्हणाली, "मंग बाई, आपुनच लिहू की."

तर मी सगळ्या वर्गाला तोच निबंध दिला. मुलांनी लढाया लिहिल्या, हत्ती लिहिले. एकानं तर शिवगामीला जेसीबीवर बसवलं! हिनं लिहिलं ते असं : राजाचं लहान बाळ विहिरीच्या काठावर रांगत येतं. शिवगामी एकटीच तिथं असते. राजाचा सूड घ्यायला फक्त गप उभं राहायचं असतं. पण तिला स्वतःचा धाकटा भाऊ आठवतो, आणि ती पळते.

तिथं पान संपलं होतं. पुढचं दुसऱ्या दिवशी लिहिते म्हणाली.

या मुलीचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो. धाकट्या भावाला कोपीवर सांभाळायला हिला दरवर्षी सोबत नेतात, आणि पाडव्यापर्यंत हिची जागा वर्गात रिकामी राहते. यंदा हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून मी घरी जाऊन सांगून आले. आई म्हणाली, "बाई, लहान्याला कोण बघंल?" वडील काही बोलले नाहीत, आजीकडं बघत राहिले. आजी म्हणाली, "बघू."

वही माझ्या टेबलावर आहे. दसऱ्याला अजून बारा दिवस आहेत. पोरगी काल विचारत होती, "बाई, विहिरीला कठडा होता असं लिहू का नको?"