चालत्या घड्याळाचा काळ

स्टेशनांत दोन गाड्या शेजारी उभ्या असाव्यात आणि एक हळूच हलूं लागावी. आपली गाडी निघाली कीं शेजारची, हें उतारूला क्षणभर उमगत नाहीं. ज्या स्थिर मानलेल्या आधारावरून तो गति मोजतो, त्यास ‘संदर्भचौकट’ म्हणतात. वेग चौकटीगणिक बदलतो, हें गॅलिलिओच्या काळापासून ठाऊक होतें. काळ मात्र सर्वांना सारखाच, अशी समजूत होती.

१९०५ सालीं आइन्स्टाइननें या समजुतीलाच धक्का दिला. एकसारख्या वेगानें सरळ जाणाऱ्या कोणत्याही चौकटींतून मोजला, तरी रिक्त अवकाशांत प्रकाशाचा वेग एकच भरतो, असें त्यानें मानलें. आतां डब्याच्या तळापासून छताकडे सरळ वर जाणारा किरण स्टेशनावरून पाहणाऱ्यास तिरका, म्हणून अधिक लांब वाटेनें जातांना दिसतो. वेग तोच, वाट लांब; तेव्हां काळही अधिक लागणार. म्हणजेच चालतें घड्याळ स्थिर निरीक्षकाच्या मानानें मंद चाललें पाहिजे.

हा केवळ गणिताचा खेळ, कीं सृष्टींत खरोखर घडणारी गोष्ट? याचा निवाडा करावयास विलक्षण वेगाचें घड्याळ हवें. तें निसर्गानेंच आकाशांत ठेवलें आहे. विश्वकिरण वातावरणावर आदळले म्हणजे म्युऑन नांवाचे कण उत्पन्न होतात. एका सेकंदाचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील अवघे २.२ भाग एवढें त्यांचें सरासरी आयुष्य. अशा क्षणजीवी कणाचें विघटन म्हणजे त्यानें सोबत नेलेलें घड्याळच होय, हें मुंबईस जन्मलेल्या होमी भाभा यांनीं १९३८ सालींच सुचविलें होतें.

१९६३ सालीं फ्रिश व स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं आपली मोजणी प्रसिद्ध केली. माउंट वॉशिंग्टन पर्वतावर, सुमारें १,९०० मीटर उंचीवर, प्रकाशवेगाच्या ९९ टक्क्यांहून अधिक वेगाचे ताशीं सुमारें ५६० म्युऑन त्यांस आढळले. तेथून समुद्रसपाटीस पोंचण्यास, पृथ्वीवरील घड्याळाप्रमाणें, असे ६.४ भाग लागतात. तेवढ्यांत बहुतेक कण नाहींसे होऊन जेमतेम तीस उरावयास हवे होते. प्रत्यक्षांत उरले चारशेंहून अधिक! म्युऑनचें घड्याळ सुमारें नऊपट मंद चाललें होतें.

म्युऑनच्या चौकटींतून पाहिलें, तर मात्र त्याचें आयुष्य नेहमींएवढेंच असतें. तेथें तो स्थिर असून पर्वतच त्याच्या अंगावर धांवून येतो. आणि धांवत्या वस्तूची लांबी गतीच्या दिशेनें आकुंचन पावत असल्यामुळें तो पर्वत सुमारें दोनशें मीटरच उंच भरतो. वाट आखूड झाली, म्हणून आयुष्य पुरलें.

एकाच्या हिशेबीं काळ लांबला, दुसऱ्याच्या हिशेबीं अंतर आटलें. परंतु किती कण खालीं पोंचले, याविषयीं दोघांत वाद नाहीं. सापेक्षतावाद म्हणजे ‘ज्याचें त्याचें सत्य’, हा समज म्हणूनच सोडावयास हवा. मापें चौकटीप्रमाणें बदलतात, घटना बदलत नाहींत. उतारूच्या मनगटावरील घड्याळही गतीमुळें स्टेशनांतील घड्याळाच्या मानानें मागें पडतेंच. पण तो फरक इतका सूक्ष्म, कीं त्यामुळें कोणाची गाडी चुकण्याचें भय नाहीं.