१३२ माणसांचा तालुका

आपल्या तालुक्यातली माणसे मोजायला बसलात तर दमून जाल. पण मी आज अशा तालुक्याची माहिती सांगणार आहे, जिथली सगळी माणसे आपल्या शाळेच्या अंगणात मावतील.

त्याचे नाव ओफू. हे पॅसिफिक महासागरातले बेट आहे. ते अमेरिकन सामोआत येते. ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात आहेत. तिथे तालुक्यासारख्या भागाला काउंटी म्हणतात. शेजारी ओलोसेगा नावाचे बेट आहे. दोन्हींच्या मधे अरुंद खाडी आहे आणि तिच्यावर पूल. पूल ओलांडला की दुसरी काउंटी लागते!

बेटाच्या मधे उंच डोंगर आहे, म्हणून घरे किनाऱ्याला आहेत. तिथे नारळ, केळी, नीरफणस आणि अळू पिकते. आपण अळूच्या वड्या करतो. ते लोक अळूचे कंद तापलेल्या दगडांवर भाजतात आणि पानांत नारळाचे दूध घालून खातात. आमची आजी म्हणाली, "म्हंजे आपल्यावाणीच की!" तिथे कुटुंबाच्या प्रमुखाला मताई म्हणतात. जमीन बहुतेक एकट्याची नसते, साऱ्या भाऊबंदांची असते.

तिथे दर दहा वर्षांनी शिरगणती होते. २०१० साली ओफूत १७६ माणसे होती. २०२० साली १३२ राहिली. मी वजाबाकी केली. ४४ कमी झाली. म्हणजे बरोबर चौथा हिस्सा!

माणसे का जातात? बेटावर नोकऱ्या फार थोड्या. हायस्कूल ताऊ नावाच्या वेगळ्या बेटावर आहे. मासे डब्यात भरायचा मोठा कारखाना तुतुइला बेटावर आहे. ते सुमारे १०० किलोमीटर लांब आहे. पुष्कळ लोक त्याहूनही लांब, हवाई आणि कॅलिफोर्नियाला जातात. वादळांचीही भीती असते. २००५ साली ओलाफ वादळाने तिकडे फार नुकसान केले.

आमच्या वर्गाचा पट गेल्या वर्षी १२ होता. आता ९ आहे. म्हणजे आमचाही चौथा हिस्सा गेला. माझ्या शेजारी बसणारा मित्र वडिलांबरोबर पुण्याला गेला. त्याची जागा अजून रिकामीच आहे.

४४ हा आकडा लहान दिसतो. पण त्यांच्यात कुणाच्या तरी शेजारी बसणारा मुलगा असेलच ना?

— इयत्ता चौथी