मागच्या पोरीच्या दमाने



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. खडवली स्टेशनवर लोकल पकडायला पहाटेच निघाले होते. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पोरगी माझ्यासमोर मटकन खाली बसली. वय २०. पोलीस भरतीसाठी एकटीच पळत होती. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर पांढरीफटक. नखंही तशीच. रात्री काय जेवलीस विचारलं, तर म्हणाली, चहा-चपाती. त्याच आठवड्यात तिचं रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ७.८. एवढ्या रक्तावर ती महिनाभर रोज जीव तोडून पळत होती, आणि वेळ कमी होत नाही म्हणून स्वतःलाच आळशी म्हणत होती. तिच्यासोबत कुणी पळत असतं, तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हटलं असतं, अगं तुला एवढी धाप का लागते?

त्याच वेळी विहाराच्या आवारात आमच्या पाच-सहा बायका सतरंज्या टाकून आसनं करायच्या. गुडघे, शुगर, बीपी, ज्याची त्याची दुखणी. दोन महिन्यांत निम्म्या गळाल्या. म्हणजे रस्त्यावर पोरं एकेकटी पळत होती आणि आत बाया एकेक करून कमी होत होत्या. तेव्हा ठरवलं, दोघांना एकाच तासात बसवायचं.

लगेच एका काकांनी हरकत घेतली, "सिस्टर, विहारात योगा कशाला? ते आपलं नाही." राग आला नाही, कारण ही शंका अनेकांच्या मनात असते. २१ जूनचे सरकारी कार्यक्रम पाहून ती वाढतेही. पण जरा मागे जाऊन पाहा. अंगुत्तर निकायाच्या पञ्चक निपातात भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे, म्हणजे एका वाटेवर येरझाऱ्या घालत सजगपणे चालण्याचे, पाच फायदे सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, प्रयत्न करण्याची ताकद टिकते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि चालताना मिळालेली एकाग्रता जास्त काळ राहते. यातले पहिले दोन फायदे म्हणजे दमसासच की. बोधगयेला जाऊन आलेल्यांनी महाबोधी विहाराच्या उत्तरेकडचा चंक्रमणाचा कट्टा पाहिला असेल, त्यावर दगडी कमळं आहेत. आणि हठयोगाच्या साधना शिकवणाऱ्या सगळ्यात जुन्या ग्रंथांपैकी ‘अमृतसिद्धी’ हा साधारण अकराव्या शतकातला ग्रंथ बौद्ध वज्रयानी मंडळींत लिहिला गेला, असं अभ्यासक सांगतात. तेव्हा शरीर वाकवण्याची आणि श्वास पाहण्याची मालकी कुणा एकाची नाही. काका आता रोज येतात. आसनं करत नाहीत, फेऱ्या मारतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, योगाच्या शिबिरांत ती सहसा कुणी सांगत नाही. नुसत्या आसनांनी पळण्याचा दम वाढत नाही. त्यासाठी हृदयाला रोज थोडा वेळ काम द्यावं लागतं. मग ते एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, आणि बसल्या जागी नाडी हळू चालू लागते. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा, कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन महिन्यांत आकडा खाली येताना दिसतो. उलट, नुसतं पळून मांड्या आणि पोटऱ्या आखडतात, कंबर धरते. त्यावर भुजंगासन, मार्जारासन, सेतुबंधासन आणि शेवटी शवासन कामाला येतात. ताडासन, वृक्षासनाने तोल सुधारतो. ओल्या मोरीत पाय घसरणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांना त्याची गरज पोरांपेक्षा जास्त आहे.

आता सोबतीचं. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च कसारा घाट उतरून आपल्याच शहापूर तालुक्यातून मुंबईला गेला. ६ तारखेला निघाले, १२ तारखेला आझाद मैदानावर. जवळजवळ १८० किलोमीटर. त्यात साठीच्या आदिवासी बाया होत्या, सोललेल्या तळपायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. १९७९ च्या नामांतराच्या लाँग मार्चमध्ये चाललेली माणसं तर आपल्याच वस्त्यांत सापडतील, विचारा त्यांना. यांतलं कुणी मैदानावर सराव करून गेलं नव्हतं. रोजच्या कामाची सवय होती, आणि पुढेमागे आपली माणसं चालत होती.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या १२ नौकापटूंवर एक प्रयोग झाला होता. ४५ मिनिटं वल्ही मारण्याच्या यंत्रावर सराव, कधी एकट्याने आणि कधी गटाने मिळून. सराव संपला की दंडावर बीपी मोजायचा पट्टा बांधून हवा भरत जायची आणि दुखतंय असं कधी म्हणतात ते पाहायचं. मिळून सराव केल्यावर त्यांनी जास्त दाब सहन केला, अंगमेहनत तेवढीच असताना. मेंदूतून सुटणारी वेदना कमी करणारी द्रव्यं सोबतीने वाढत असावीत, असा त्यांचा अंदाज. मी आयुष्यभर बीपीचा पट्टा बांधत आले, त्याचा असा उपयोग सुचला नव्हता.

पण सोबतीचा धोकाही आहे. शेजारचा जोरात पळतो म्हणून आपणही छाती फुटेस्तोवर पळतो. म्हणून आमच्याकडे अंतर मोजत नाही, वेळ मोजतो. २० मिनिटं सगळ्यांची, फेऱ्या ज्याच्या त्याच्या. फेरी गोल असली की पळणारा पोरगा आणि चालणारी मावशी पुन्हापुन्हा भेटतात, कुणी मागे राहिल्यासारखं दिसत नाही. वेग किती ठेवायचा? शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. बोलता येत नसेल तर वेग कमी करा; गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवा. भरतीच्या पोरांनी आठवड्यातून दोनच दिवस जोरात पळावं, बाकीचे दिवस आमच्याबरोबर. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी चाचणी असते. ती महिनाभराच्या घाईत होत नाही. फेऱ्यांनंतर २० मिनिटं आसनं, मग १० मिनिटं आनापान. पोरं आनापानाच्या वेळी मोबाईल बघतात, त्यावर उपाय सापडलेला नाही.

सुरू करण्याआधी प्रत्येक बाईने आणि मुलीने हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, हा आमचा एकमेव कडक नियम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे आपल्यातली दर दुसरी. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासभर आधी नको, तासभर नंतरही नको. शौच काळी होते, घाबरून गोळ्या बंद करू नका. बीपी १६०/१०० च्या वर असेल त्या दिवशी पळणं नाही, आधी डॉक्टर. बीपीवाल्यांनी श्वास कोंडून धरू नये, जोराची कपालभाती आणि शीर्षासन करू नये. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पदराला गुळाचा खडा बांधून यावं आणि घरी गेल्यावर तळपाय पाहावेत. छातीत दाटलं, डावा हात किंवा जबडा दुखला, तर "गॅस असेल" म्हणत बसू नका.

उन्हाचंही ऐका. २०२४ च्या जूनमध्ये नवी मुंबईत राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत धावताना एका तरुणाचा जीव गेला. आपली पोरं ड्युटी करून, उपाशीपोटी, दुपारी पळतात. पहाटेच पळा. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून प्या. कुणी बरळू लागलं, अंग तापलं, तर सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि पळून झाल्यावर अंग थंड करायला भातसा नदीत उडी मारणाऱ्या पोरांना सांगते, पावसाळ्यात तर मुळीच नको. वरून धरणाचं पाणी सुटलं की काठावर उभं राहूनही कळत नाही.

बायांची खरी अडचण वेगळीच आहे, नळाची वेळ. पाणी साडेपाचला येतं, सहाच्या गाडीने कुणाला कल्याणला घरकामाला जायचं असतं. म्हणून आम्ही दोन पाळ्या केल्या. भरतीवाले पहाटे, ज्यांना जमत नाही त्या बाया रात्री जेवणाआधी; रविवारी सगळे एकत्र. ज्या बाईची पाण्याची पाळी असते तिचे हंडे शेजारीण भरते. हे ठरायला आसनं शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले, भांडणंही झाली.

त्या पोरीला डॉक्टरांनी तीन महिने पळायची मनाई केली होती. तेवढे दिवस ती मावशांबरोबर फेऱ्या चालली, आसनं करायची, आणि इतरांची वेळ मोजायची. परवा हिमोग्लोबिन ११.४ आलं. आता हळूहळू पळते, सगळ्यात मागे. काका तिच्याबरोबर राहतात.